उत्तर ०.१०५६ का जुळत नाही?

तुमचं उत्तर ०.१०५६ आलं, पण ते नेमक्या उत्तराशी जुळत नाही, असा प्रश्न आहे. गणितात १०० प्रश्न आहेत, प्रत्येकाला पाच पर्याय, सगळी उत्तरं अंदाजाने. किमान २५ बरोबर येण्याची संभाव्यता काढायचीय. सरासरी २० आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, ४ (१०० × ०.२ × ०.८ = १६, त्याचं वर्गमूळ) हे तुम्ही बरोबर काढलंय. चूक पुढे आहे. द्विपद वितरण (किती उत्तरं बरोबर येतील याच्या संभाव्यता) पूर्णांकांवर उड्या मारतं, त्याच्या जागी वापरलेला घंटेच्या आकाराचा प्रसामान्य वक्र सलग असतो. वक्राखाली २५ चा स्तंभ २४.५ ते २५.५ एवढी जागा व्यापतो. तुम्ही २५ पासून मोजलंत (५ ÷ ४ = १.२५, त्यातून ०.१०५६), म्हणजे अर्धा स्तंभ कापला गेला.

२४.५ घ्या: झेड (सरासरीपासूनचं अंतर ÷ प्रमाण विचलन) = ४.५ ÷ ४ = १.१२५, उजवीकडचं क्षेत्रफळ सुमारे ०.१३०. द्विपद सूत्राने नेमकं उत्तर ०.१३१ येतं.

प्रश्नात ‘२५ पेक्षा जास्त’ असतं तर सीमा २५.५ झाली असती. खरी मेख या शब्दांतच असते, आकडेमोड सोपी आहे. आणि हो, भागायचं ४ ने; १६ ने भागणारेही कमी नाहीत!

यशाची संभाव्यता ०.०२ असती तर सरासरी फक्त २, वितरण एका बाजूला झुकलेलं. तिथे प्रसामान्य वक्र वापरू नका, प्वासाँ वितरण (क्वचित घडणाऱ्या घटनांसाठीचं) वापरा.