अर्क, काढा की भिजवण?

विचारणा (परतवाडा, जि. अमरावती)
आमच्या बीएस्सीच्या मुलांनी कडुनिंबाची पानं वाळवून कुटली, इथेनॉलमध्ये भिजवून गाळली आणि बाटलीवर चिठ्ठी लावली, 'कडुनिंबाचा अर्क'. मेळघाटातून जडीबुटी आणणारे एक आजोबा ती वाचून म्हणाले, "बापू, अर्क त भट्टीवर उतरते. हा त भिजोला हाये ना!" मला ते खोडता आलं नाही. 'एक्स्ट्रॅक्ट'साठी 'निष्कर्ष' लिहावं, तर अहवालाच्या शेवटी पुन्हा 'निष्कर्ष' येतोच. तुम्ही काय लिहिता?

अकोला
आजोबांचं बरोबर आहे. हा अर्क अरबी 'अरक'वरून आला, मूळ अर्थ घाम. वाफ थंड होऊन थेंबथेंब जमते तो अर्क, मद्यार्क त्यातूनच. संस्कृत 'अर्क' वेगळा, तो सूर्य आणि आपली रुई.

वर्धा
आयुर्वेदात नाव कृतीवरून पडतं. चेचून पिळला तो अंगरस. गार पाण्यात रात्रभर ठेवला तो हिम. सोळापट पाण्यात उकळून आठवा हिस्सा उरवला तो शार्ङ्गधराच्या जुन्या वैद्यकग्रंथातला काढा. गुयवेलीचं सत्त्व आणखी निराळं, पाण्यात कोळल्यावर तळाशी बसतो तो पांढरा साका.

हा काथ्याकूट नाही. चीनमध्ये शास्त्रज्ञ थू योयो हिवतापावर एक वनस्पती तपासत होत्या, पण हाती भरवशाचं काही लागेना. जुन्या ग्रंथात ती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितलेलं होतं, उकळायला नाही. उष्णतेनंच गुण जात असावा, हे त्यांनी ताडलं. 1971 साली त्यांनी सुमारे 35 अंशांना उकळणारं ईथर वापरून तिचा गुण उतरवला, आणि हिवतापाच्या उंदरांवर तो लागू पडला. पुढे 2015 चं नोबेल मिळालं. काढा आणि अंगरस यांतलं अंतर एवढं मोठं आहे!

यवतमाळ
ज्यात भिजवलं त्या द्रावकाचं नाव चिठ्ठीवर हवंच. अर्क जंतू मारतो का हे पाहायला जंतू वाढवलेल्या बशीत अर्कात भिजवलेली कागदी चकती ठेवतात, जंतू मेले तर भोवती स्वच्छ कडं दिसतं. पण इथेनॉल स्वतःही जंतू मारतं. शेजारी नुसत्या इथेनॉलची चकती ठेवली का?

परतवाडा
नव्हती ठेवली. उद्या प्रयोग पुन्हा करतो. चिठ्ठी बदलली: 'कडुनिंब, वाळली पानं, इथेनॉलमध्ये भिजवून'. बोलताना मुलं आता 'भिजवण' म्हणतात. तांदळाचं धुवण असतं, तसं पानांचं भिजवण. मला पटलं.