पैसे भरून घेतलेल्या सीट्स बदलल्या, परवाचं विमान आहे. काय करू?

खिडकीवाली: परवा पहाटे पुणे–दिल्ली. जास्तीचे पैसे भरून ५ए, ५बी, ५सी घेतल्या होत्या. आज ॲप उघडलं तर १९बी, २४ई आणि ५सी! कस्टमर केअरवर पाऊण तास गाणं ऐकलं, मग फोन कट. ह्यांच्याकडे त्याच कंपनीचं, नेहमीच्या प्रवाशांना देतात ते गोल्ड कार्ड आहे, त्याला काही किंमत आहे की नाही? पटकन सांगा.

नेहमीचाच: तिघं कोण कोण? पीएनआर एकच आहे का?

शनिवारपेठी: विमान बदललं असणार. मोठ्या ए३२१ च्या जागी लहान ए३२० लावलं की सीटांची उलथापालथ होते.

खिडकीवाली: हो, एकत्रच काढलीत. विमान कुठलं ते मला काय करायचंय, सीट हवी आहे.

कायदेकानू: तिकिटाचे ७५ टक्के परत मिळायलाच हवेत! डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, २०२३ चा नियम आहे. सोडू नका त्यांना.

नेहमीचाच: कानूदादा, तो नियम वरच्या क्लासचं तिकीट असून खालच्या क्लासमध्ये बसवलं तर. ह्यांच्या तिन्ही सीट्स इकॉनॉमीतच आहेत. ताई, तिसरं कोण?

खिडकीवाली: मुलगा. सात वर्षांचा.

नेहमीचाच: अहो, हे आधी सांगायचं! एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएनं विमान कंपन्यांना सांगितलंय की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई किंवा वडिलांशेजारी जागा द्या.

पंखवाला: आणि ती जागा येते कुठून? आमच्याकडून. दर आठवड्याला मुंबई–बंगळूर करतो. दोनदा कडेची सीट सोडून मध्ये चेपून बसलोय. पैसे मीही भरले होते.

शनिवारपेठी: नका सोडू. सात वर्षांचं पोर शेजारी घ्या आणि दिल्लीपर्यंत त्याला शूला तुम्हीच न्या.

पंखवाला: मुलाला नाही म्हटलेलं नाही. कंपनीनं एकच जागा दोनदा विकायची आणि चांगुलपणा आम्ही दाखवायचा, हे पटत नाही.

कायदेकानू: कार्डवाल्यांचे लाड कमी होतात का? २०१७ मध्ये शिकागोला युनायटेड ह्या अमेरिकन कंपनीच्या विमानातून डॉ. डेव्हिड डाओंना फरफटत बाहेर काढलं. कोणाला उतरवायचं हे ठरवताना कार्डाचा दर्जाही बघितला होता.

दुरांतोप्रेमी: म्हणून मी पुणे–निजामुद्दीन दुरांतो सोडत नाही. बर्थ म्हणजे बर्थ.

शनिवारपेठी: साइड अपर मिळाला की बोलू.

खिडकीवाली: एक सांगायचं राहिलं. ह्यांचं तिकीट ऑफिसनं काढलंय. माझं आणि मुलाचं वेगळं.

नेहमीचाच: मघाशी एकत्रच म्हणालात ना?

खिडकीवाली: एकाच दिवशी काढली, म्हणून म्हटलं.

नेहमीचाच: असो. मुलाच्या पीएनआरवर तुम्ही आहात, तेव्हा दोघांना शेजारी बसवा म्हणून मागणी करा. आजच मेल टाका, मुलाचं वय लिहा, मुलाच्या वयाचा पुरावा जवळ ठेवा. परवा काउंटरवर लवकर पोचा, गेटवर गेल्यावर फार काही हातात राहत नाही. सीटचे पैसेही लेखी मागा. दाद दिली नाही तर एअरसेवावर, म्हणजे विमानप्रवाशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर, तक्रार. आणि ती ५सी कोणाकडे आहे?

खिडकीवाली: ह्यांच्याकडे.

शनिवारपेठी: म्हणजे गोल्ड कार्ड चाललं की!

खिडकीवाली: आत्ताच ह्यांना विचारलं. म्हणे, पुढची आहे, दिल्लीला लवकर उतरता येईल.