हायलंड पार्कची मशीद भांडणांनीच बुडाली का?

गिरणगावची लेक: डेट्रॉइटला खेटून असलेल्या हायलंड पार्कमध्ये 1921 साली मशीद उघडली. अमेरिकेत मशीद म्हणूनच बांधलेल्या अगदी पहिल्या इमारतींपैकी ती एक. तिथल्या मोटार कारखान्यात फोर्डने 1914 मध्ये आठ तासांना 5 डॉलर रोज जाहीर केला, त्या ओढीने सीरियन, तुर्क, थोडे हिंदुस्तानीही तिथे आले होते. जमिनीच्या धंद्यात कमावलेल्या मोहम्मद करूब यांनी मशीद बांधली, भाऊ हुसेन इमाम झाले. काही वर्षांतच ती बंद पडली. ‘आपसातल्या भांडणांनी बुडाली’ हे मला पटत नाही. कारखाना हलला की वस्ती उठते, हे लालबाग-परळात वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको. फोर्डने काम शेजारच्या डिअरबॉर्न गावातल्या रूज या नव्या कारखान्यात नेलं, माणसंही तिकडे गेली.

सांगलीकर: ताई, तारखा जुळत नाहीत. फोर्डची मॉडेल टी मोटार 1927 पर्यंत हायलंड पार्कलाच बनत होती. मशीद त्याआधीच बंद झाली. सुन्नी आणि शिया होतेच, त्यात पंजाबातल्या कादियानहून आलेले, अहमदिया या वेगळ्या पंथाचे प्रचारक मुफ्ती मुहम्मद सादिक. मतभेद खरे होते, ते झाकून कुणाचा मान वाढत नाही.

रानजाई: भांडण कुठल्या मंडळात नसतं? चाळीच्या गणपतीला खोलीखोलीतून वर्गणी येते, म्हणून रुसलेला माणूसही आरतीला येतो. इथे सगळा भार एकाच घराच्या पैशावर. पुढे 1938 च्या सुमारास रूजच्या कारखान्याजवळ, डिक्स रस्त्यावर उभी राहिलेली मशीद आजही चालू आहे. तोवर बायकामुलं आली होती, संसार थाटले होते.

गिरणगावची लेक: तारखेची चूक माझी. तरी ठपका मजुरांवर नको. फोर्डचे तपासनीस घरी येऊन राहणी बघत, 5 डॉलरमधला मोठा हिस्सा त्यावर ठरे. फोर्डच्या इंग्रजी शाळेच्या समारंभात मंचावर भलामोठा हंडा ठेवत. कामगार आपापल्या मुलखाच्या कपड्यांत त्यात उतरायचे आणि अमेरिकन सूट घालून, हातात छोटा झेंडा घेऊन बाहेर यायचे. अशा गावात आपल्या भाषेत सलाम करायला एक जागा मिळाली होती.

सांगलीकर: म्हणून तर जीव तुटतो. एवढी मोलाची जागा, आणि चार पावलं मागे यायला कुणी तयार झालं नाही.