'तलवार की कुराण, तिसरा पर्याय नव्हता' म्हणे!

निवृत्त_ऑडिटर

परवा इथे एकाने चार ओळींचा धागा टाकला. ६३६ साली कादिसियाच्या लढाईत इराणी हरले, अरबांनी 'तलवार की कुराण' विचारलं आणि एका पिढीत जरथुष्ट्री (पारशांचा) धर्म पुसला गेला. खाली 'सहमत', '+१'ची रांग. वर शेपूट असं की पाच वेळची नमाज, स्वर्गाच्या वाटेवरचा पूल, शेवटचा निवाडा, सगळं अग्निपूजकांकडूनच उचललेलं. तिथेच दोन ओळी लिहून गप्प बसणार होतो, राहवलं नाही.

तिसरा पर्याय होता आणि तो रोकडा होता, मुसलमान नसलेल्यांनी भरायचा कर. जिझिया. उमर खलिफांना प्रश्न पडला होता तो एवढाच की, हा कर अग्निपूजकांकडून घ्यावा की नाही, कारण ते ज्यू-ख्रिस्ती नव्हेत. तेव्हा अब्दुर्रहमान इब्न औफ यांनी सांगितलं की खुद्द पैगंबरांनी पूर्व अरबस्तानातल्या हजर या ठिकाणच्या अग्निपूजकांकडून तो घेतला होता. झालं, तोच पायंडा पडला.

आता 'एका पिढीत'. अरबांआधीच्या सासानी घराण्याचा शेवटचा बादशहा तिसरा यझ्दगर्द ६५१ साली मर्वजवळ मारला गेला. त्यानंतरही चाळीसेक वर्षं अरब सुभेदार जी चांदीची नाणी पाडत होते ती बघा. एका बाजूला सासानी बादशहा खुस्रो परवेझचं मुकुटधारी डोकं, मागच्या बाजूला पेटती अग्निवेदी आणि तिच्या दोन अंगांना उभे दोन सेवक. कडेला बारीक अरबी अक्षरांत 'बिस्मिल्लाह'. इराकातलं महसुलाचं दफ्तर फारसीतून अरबीत गेलं ते ६९७च्या सुमारास. तोवर कारकून तेच, वह्या त्याच. राज्य बदलतं, वसुलीचा टेबल बदलत नाही, हे मी आयुष्यभर बघितलंय.

उलट इराकचा सुभेदार हज्जाज याच्या अमलात खेड्यातली माणसं मुसलमान होऊन शहरात आली तर त्यांना परत गावी हाकललं आणि कर चालूच ठेवला. का? तिजोरी आटत होती. 'तलवार की कुराण' विचारणारं सरकार असं वागतं का?

इतिहासकार रिचर्ड बुलिएटने १९७९ साली चरित्रकोशांतल्या वंशावळ्या तपासल्या. पणजा रुस्तुम आणि आजा मुहंमद असेल तर ते घर कधी मुसलमान झालं याचा अंदाज बांधता येतो. त्याच्या हिशोबाने निम्मे लोक मुसलमान व्हायला नवव्या शतकाचा मध्य उजाडला. त्याच शतकात मोबद, म्हणजे जरथुष्ट्री पुरोहित, 'देनकर्द' हा धर्मग्रंथ रचत होते, आणि मर्दान-फर्रुख नावाचा गृहस्थ इस्लामसकट इतर धर्मांवर सडकून टीका करणारा अख्खा ग्रंथ लिहीत होता. पुसला गेलेला धर्म बराच बोलका होता म्हणायचा.

'उचललं'बद्दल थोडक्यात. मेल्यावर ओलांडायचा चिन्वत पूल जरथुष्ट्राच्या गाथांमध्ये आहे, तो जुना हे मान्य. इस्लाममधल्या सिरातचं पूल म्हणून वर्णन कुराणात नाही, हदीसांत (पैगंबरांबद्दलच्या परंपरांत) आहे. जरथुष्ट्री ग्रंथातल्या अर्दा विराफच्या स्वर्ग-नरक यात्रेकडे बोट दाखवाल तर त्या ग्रंथाला आजचं रूप मिळालं तेच नवव्या-दहाव्या शतकात. कोणी कोणाचं घेतलं ते तुम्हीच ठरवा.

कडू_कारलं

वा. जिझिया म्हणजे जणू जीएसटी.

ऑडिटरकाका, वह्या छान तपासल्यात, माणसं राहिली. इस्तख्रने बंड केलं तेव्हा तिथे कत्तल झाली. सासानी घराण्याचं मूळ गाव ते, त्याचं नावही तुमच्या ताळेबंदात नाही. बुलिएटचा आकडा 'पुढेमागे जे मुसलमान झालेच त्यांच्यातले निम्मे' असा आहे, अख्ख्या इराणचे निम्मे नव्हे. शिवाय चरित्रकोशात येतात ती विद्वानांची, शहरी घरं. खेड्यातला शेतकरी त्यात कुठून येणार?

आणि वारसा? घरातला एक मुलगा मुसलमान झाला की बापाची सगळी मिळकत त्याची, बाकी भावंडांना शून्य. इराणात हा नियम शतकानुशतकं चालला. याला तलवार लागत नाही, एक नाराज भाऊ पुरतो.

मी नोकरीनिमित्त यझ्दला राहिलोय. जुन्या जरथुष्ट्री वस्तीतली घरं बुटकी. शेजारचे आजोबा म्हणाले, आम्हाला माडी बांधायची मनाई, वाऱ्याचा मनोरा उभारायची मनाई, गाढवावर बसून जाताना मुसलमान समोर आला तर खाली उतरायचं. ही सातव्या शतकाची गोष्ट नाही, त्यांच्या आजोबांच्या वेळची. जिझिया उठला कधी? १८८२ साली. मुंबईच्या पारशांनी १८५४ला माणेकजी लिमजी हातारिया यांना इराणला पाठवलं, त्यांनी अठ्ठावीस वर्षं दरबाराच्या पायऱ्या झिजवल्या तेव्हा नासिरुद्दीन शहा वाकला. तुमचं 'हळूहळू' हे असं असतं.

तिरफळ

दोघांनाही एक विचारते. त्याआधी इराणात काय रामराज्य होतं?

तिसऱ्या शतकातला मुख्य मोबद कर्तीर. त्याने दगडावर कोरून ठेवलंय की ज्यू, बौद्ध, ब्राह्मण, ख्रिस्ती, नवा धर्म काढणाऱ्या मानीचे अनुयायी या सगळ्यांना मी राज्यात ठेचलं. अभिमानाने कोरलंय, कोणी आरोप केलेला नाही. मानी तुरुंगात मेला. मझ्दकने वरच्यांच्या कोठारांना हात घालायची भाषा केली, त्यालाही ठार केलं. पुरोहित, योद्धे, शेतकरी, कारागीर अशी उतरंड, खालच्याने वर चढायचं नाही. ओळखीचं वाटतंय का कुणाला? आमच्या गावात पाणवठा खुला व्हायला काय काय करावं लागलं ते मी आजीकडून ऐकलंय, त्यामुळे 'आमचा सुंदर प्राचीन धर्म परक्यांनी बुडवला' हे रडगाणं ऐकलं की माझे कान टवकारतात.

शिवाय राज्य आधीच खिळखिळं होतं. ६०२ ते ६२८ बायझंटाइनांशी युद्ध, मग प्लेग, मग चार वर्षांत गादीवर इतके जण येऊन गेले की मोजताना गोंधळ होतो.

बोरूबहाद्दर

एवढं कशाला उगाळताय? छळ झाला म्हणूनच पारशी जहाजात बसून गुजरातच्या किनाऱ्यावर संजाणला आले. तिथल्या राण्याने काठोकाठ दुधाचा पेला पाठवला, त्यांनी त्यात साखर टाकली. विषय संपला. ज्यांना इतकं सोसावं लागलं ते इथे गोड मिसळून गेले, काहींना हजार वर्षांत जमलं नाही.

चिकूवाडी

'काहींना' म्हणजे कोणाला ते उघड लिहा, आडून नको.

मी इराणी, घोलवडची, मराठी शाळेत शिकलेली. जन्मापासून प्रत्येक हळदीकुंकवात, प्रत्येक गॅदरिंगला कोणीतरी माईक हातात घेऊन मला दूध-साखर ऐकवतं. तर ऐका. 'किस्से-संजाण' बहमन कैकोबाद यांनी १५९९ साली लिहिला, म्हणजे घटनेनंतर काही शतकांनी. त्यात दूधही नाही, साखरही नाही. जादी राणाच्या अटी आहेत. तुमचा धर्म काय ते सांगा, भाषा इथली बोला, बायकांनी पेहराव इथला करावा, शस्त्रं खाली ठेवा, लग्नं संध्याकाळी लावा. याला गोडवा म्हणत असाल तर म्हणा, मला ते भाडेकरार वाटतात.

बोरूबहाद्दर

परंपरा कागदावर नसते, ताई. आमचे वडील ग्रँट रोडला एका पारशी शेठकडे नोकरीला होते. ते शेठ दर नवरोजला हीच गोष्ट सांगायचे, डोळ्यांत पाणी यायचं त्यांच्या. ते खोटं बोलत होते का?

चिकूवाडी

शेठ खोटं बोलत होते असं मी कुठे म्हटलं? आमच्या घरीही सांगतात. आवडती गोष्ट आणि घडलेली गोष्ट यांत फरक आहे, एवढंच. संजाणला ते कधी उतरले याच्याच ७१६, ७८५, ९३६ अशा तीन तारखा चर्चेत आहेत. तुमचा 'विषय संपला' नेमका कोणत्या साली संपला?

आणि 'पारशी-इराणी' एकाच जहाजात कोंबू नका. आमचे लोक यझ्दच्या बाजूने आले ते एकोणिसाव्या-विसाव्या शतकात. चहाची दुकानं, बेकऱ्या, इथे चिकूच्या वाड्या. साखर आमच्याकडे फक्त चहात.

गिरिविहार

मूळ विषय सोडून लिहितोय, पण आता सगळेच सोडतायत. कान्हेरीच्या लेण्यांत पहलवी लेख आहेत, १००९ आणि १०२१ सालचे. पारशी मंडळी बौद्ध लेणी बघायला आली, भिंतीवर तारीख आणि स्वतःची नावं कोरून गेली. आपल्या मुंबईत, बोरिवलीत! आजचे लोक 'पप्पू लव्हज पिंकी' कोरतात ती परंपरा जुनी आहे. वनखात्याला आणि पुरातत्त्ववाल्यांना मात्र तिथे एक धड पाटी लावता येत नाही. मागच्या वेळी रखवालदाराला विचारलं तर म्हणाला, 'ती इंग्रजांची सही आहे.' यावर वेगळा धागा काढावा का?

कडू_कारलं

काढा, पण घोलवडच्या ताईंना बारोटबद्दलही लिहायला सांगा. संजाण पडलं तेव्हा पारशांचा पवित्र इराणशाह अग्नी बारा वर्षं त्या डोंगरातल्या लेण्यांत लपवला असं परंपरा सांगते. तिथून बान्सदा, नवसारी, आणि १७४२पासून उदवाडा. विस्तव घेऊन माणसं शतकानुशतकं पळत होती आणि ऑडिटरकाका म्हणतात तिसरा पर्याय होता.

निवृत्त_ऑडिटर

संजाण पडलं ते सुलतानाच्या फौजेपुढे, कादिसियानंतर कैक शतकांनी. एका पावतीवर दुसऱ्याची बिलं लावू नका.

वारशाचा मुद्दा जमेला धरतो. बुलिएटच्या 'निम्मे'चा खुलासाही. आभार मानणार नाही, कारण त्याने माझंच म्हणणं पक्कं होतं. मिळकत, कर, दरबारातली जागा, यांनी धर्म बदलला, आणि तेही पिढ्यान्‌पिढ्या. कास्पियन किनाऱ्यावरचं तबरिस्तान तर ७६०च्या आसपासपर्यंत स्वतःच्या राजांकडेच होतं. बुखाऱ्यात अरब सेनापती कुतैबाने जुम्म्याच्या नमाजाला येणाऱ्याला दोन दिरहम देऊ केले होते आणि लोक कुराण फारसीत म्हणत. तलवारीच्या धाकाने येणाऱ्याला कोणी भत्ता देतं का?

कडू_कारलं

बुखाऱ्याचा इतिहास लिहिणाऱ्या नर्शखीच्या ज्या पानावर दोन दिरहम आहेत, त्याच्या आगेमागेच लिहिलंय की कुतैबाने बुखारावाल्यांना अर्धं घर अरबांना द्यायला लावलं, म्हणजे आत कोण काय पुजतो ते कळावं. भत्ता दिसला, घरात बसवलेला शिपाई नाही दिसला? असं ऑडिट करून निवृत्त झालात?

निवृत्त_ऑडिटर

व्यक्तिगत घसरायचं असेल तर मी थांबतो. अर्धं घर दिलं ते बरोबर. पण तोच नर्शखी सांगतो की लोक वरवर मुसलमान होत आणि अरब गेले की परत मूर्तींकडे वळत, असं वारंवार झालं. म्हणजे शिपाई घरात बसवूनही एका पिढीत काम झालं नाही. मूळ धाग्यातलं वाक्य कोणी सोडवून दाखवा.

कडू_कारलं

'एका पिढीत' चूक. घ्या, लिहून दिलं. फ्रेम करून लावा. 'तिसरा पर्याय होता' हेही बरोबर, फक्त तो पर्याय साडेबाराशे वर्षं मानगुटीवर बसला होता.

तिरफळ

माझ्या कर्तीरला कोणीच उत्तर दिलं नाही, अपेक्षित होतं. म्हणून आणखी एक. निशापूरकडे बिहाफरीद नावाच्या माणसाने जरथुष्ट्री धर्मात सुधारणा सुरू केली, लोक जमू लागले. अब्बासींचा सेनापती अबू मुस्लिम याच्याकडे तक्रार घेऊन कोण गेलं? मोबद. 'हा तुमचाही धर्म बिघडवतोय आणि आमचाही.' अबू मुस्लिमने त्याला पकडून मारलं.

कडू_कारलं

मारलं कोणी, ते शेवटच्या वाक्यात आलंय तुमच्याच.

तिरफळ

आणि पत्ता कोणी दिला ते त्याच्या आधीच्या.

बोरूबहाद्दर

या मोबदांच्या भानगडींचा आणि दुधाचा काय संबंध?

चिकूवाडी

काही नाही. तुम्हीच आणलंत ते.