मुंबादेवीच्या दारातली दुकानं हलवायची का?

ठाकूरद्वारची

मुंबादेवी आणि महालक्ष्मी या दोन्ही देवळांचा परिसर नव्याने उभारायच्या योजना महापालिकेने मांडल्या, तेव्हापासून आमच्या गिरगाव-काळबादेवीच्या बाजूला दुसरा विषय नाही. देवळासमोरच्या टपऱ्या-दुकानं दुसरीकडे न्यायची, वाट रुंद करायची, रांगेची सोय करायची, असा एकूण आराखडा. दाखला दिला जातो तो काशी विश्वनाथाच्या कॉरिडॉरचा. मला हे पटत नाही. का पटत नाही ते नीट मांडते.

गाभारा आणि कळस एवढंच धरलं तर मुंबादेवीचं देऊळ लहान आहे. पण तिथे नुसत्या गाभाऱ्यासाठी कोण जातं? झवेरी बाजारातल्या पेढ्या, तांबा काटा या भांडीबाजारातली भांडी, भुलेश्वरची फूलगल्ली आणि देवळाच्या तोंडाशी खण-नारळ, हळदकुंकू, हार, वेण्या. लग्न ठरलं की दागिने आणि रुखवताची भांडी घ्यायला याच भागात यायचं आणि त्याआधी देवीची ओटी भरायची, हा कित्येक घरांचा शिरस्ता आहे. ओटी भरून बाई थोड्या वेळात बाहेर येते, पण तिचा उरलेला दिवस या गल्ल्यांत जातो. हारवाल्याला ठाऊक असतं कुणाच्या घरी सुतक आहे, कुणाची लेक बाळंतपणाला आली आहे. गिरगावातली निम्मी बिऱ्हाडं डोंबिवली-विरारला गेली, तरी माणसं सणाला परत येतात ती या ओळखीमुळे. देऊळ तर त्यांना तिकडेही सापडतं.

आणखी एक. ही देवी मूळची कोळ्यांची, तिचं पहिलं देऊळ बोरीबंदरच्या बाजूला होतं. अठराव्या शतकात, इंग्रजांच्या अमलात, ते तिथून हललं. आजच्या देवळाजवळचा तलावही पुढे बुजवला गेला. जागा गेली, पाणी गेलं. भोवतीचा बाजार तेवढा टिकला. तोही उचलून एखाद्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर नेला, तर या भागात मुंबादेवीचं असं काय राहील?

काळबादेवी_तिसरा_मजला

ताई, तुम्ही सणाला आणि लग्नसराईला येता. मी रोज राहतो, म्हणून उलट बाजू सांगतो.

९ मे २०१५ आठवा. काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली, इमारत कोसळली आणि अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांचे प्राण गेले. त्याआधी २५ ऑगस्ट २००३ ला मुंबादेवीजवळ टॅक्सीत बॉम्ब फुटला. १३ जुलै २०११ ला पुन्हा झवेरी बाजार. हे सगळं तुमच्या-माझ्या पायाखालच्या जागेवर घडलेलं आहे. अशा भागात बंब आणि रुग्णवाहिका आत यायला वाट असावी, एवढं मागणं म्हणजे देवीचा अपमान नाही.

माझ्या आईला रात्री छातीत कळ आली तेव्हा रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशीच अडकली. हातगाड्या, आडव्यातिडव्या लावलेल्या दुचाक्या, दुकानांचा बाहेर आलेला माल. शेजारच्या पोरांनी तिला खुर्चीत बसवून उचलून नेलं. ती पोरंही समाजच आहेत, तुमच्या हारवाल्याइतकीच. पण दर वेळी चार तरणी पोरं हाताशी असतीलच असं नाही. आमच्या भागात आता घराघरात म्हातारी माणसं उरली आहेत.

आणि देवी स्वतः बोरीबंदरहून इथे आली तरी मुंबई तिला विसरली नाही. मग दुकान शे-दोनशे फूट सरकलं तर संस्कृती कशी बुडते?

हारवाल्याचा_मुलगा

शे-दोनशे फुटांचं उत्तर मी देतो, कारण आमचा धंदा हाच.

फूल पहाटे अंधारात दादरच्या फूलबाजारातून आणायचं. बाजारात वसई-पालघरकडच्या बायका पहिल्या गाडीने माल घेऊन उतरतात, त्यांच्याशी घासाघीस करायची आणि उजाडेपर्यंत हार ओवून ठेवायचे. दुपारी पाकळ्या काळ्या पडायला लागतात, रात्री उरलेलं फेकायचं. उधारीवर चालणारा, एका दिवसाचा जीव असलेला माल आहे हा. भक्त देवळाच्या दारात हार घेतो. वाट वाकडी करून, जिना चढून कुणी घेणार नाही. सोनाराकडे माणूस पत्ता शोधत जातो. हारवाल्याकडे कुणी शोधत येत नाही, तो वाटेतच असावा लागतो.

दादा, तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. पण गल्ली अडते ती आमच्या चार फुटी फळीने नाही. वरच्या मजल्यांवरची गोदामं आणि त्यांचा माल दिवसभर उतरवणाऱ्या गाड्या बघा. त्यांच्याबद्दल योजनावाले काय म्हणतात ते विचारा.

प्रभादेवीकर

धागालेखिकेशी असहमत. सुव्यवस्था आली की समाज मरतो, हे गृहीतकच चुकीचं आहे.

आमचा सिद्धिविनायक बघा. १८०१ साली लक्ष्मण विठू आणि देऊबाई पाटील यांनी बांधलेलं छोटंसं देऊळ. पुढे गर्दी वाढली, १९८० मध्ये न्यासासाठी वेगळा कायदा झाला, आता शासनाने नेमलेली समिती कारभार बघते. दानपेटीतला पैसा गरीब रुग्णांच्या उपचाराला जातो, डायलिसिसची सोय आहे, विद्यार्थ्यांना पुस्तकं मिळतात. मंगळवारी लाखभर माणूस येवो, रांग हलत राहते. अपंगांना, पोटुशी बाईला वेगळी वाट मिळते. मुंबादेवीला माझ्या सासूबाईंना घेऊन जायची माझी हिंमत होत नाही, गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय त्यांचं. त्यांनी देवीचं दर्शन टीव्हीवरच घ्यायचं का?

ठाकूरद्वारची

सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे. उतार, कठडे, वेगळी रांग, बसायला बाकडी हे सगळं आजच्या आज व्हावं. त्यासाठी दुकानं उठवावी लागत नाहीत.

सिद्धिविनायक न्यासाचं काम मोठं आहे, त्यावर वाद नाही. पण तुम्ही प्रभादेवीचे आहात, म्हणून तुमच्याच आळीतलं दुसरं देऊळ पुढे करते. पौष पौर्णिमेला प्रभादेवीची जत्रा भरते. पाळणे, खाजा-बत्ताशांचे ढीग, बांगड्या, माहेरी आलेल्या लेकी. एरवी गाड्यांनी भरलेला रस्ता ते दिवस वाडीच्या ताब्यात असतो. सिद्धिविनायकाला काय होतं? सुरक्षेच्या भिंतीआड तपासणी, रांग, क्षणभर दर्शन, आणि "पुढे चला". धोका खरा होता म्हणून ती भिंत आली, मान्य. पण तिथे शेजारीण शेजारणीला भेटायला थांबू शकत नाही. जत्रेत ती मुद्दाम येते. दोन्ही देवळं एकाच वस्तीत आहेत, आणि वस्तीला धरून ठेवायचं काम त्यातलं एकच करतं.

वेसाव्याची_लेक

सगळे बोलून झाले, आता आम्हाला बोलू द्या.

मुंबादेवी कोळ्यांची आई, हे प्रत्येक जण पहिल्या परिच्छेदात लिहितो आणि पुढे कोळी दिसत नाहीत. ताई, तुमच्याही लिखाणात तसंच झालंय. सोनार आले, भांडीवाले आले, हारवाले आले. आमच्याकडे लग्नाआधी देवीला मान द्यायला घरातल्या सगळ्या बाया निघतात, हिरवी लुगडी, अंगभर सोनं, सोबत बँडवाला. आज तिथे पंधरा बायांना एकत्र उभं राहून ओटी भरायला जागा नाही. नाचायचं तर सोडाच. मागून हातगाडीवाला ओरडतो, पुढून रखवालदार हाकलतो.

बाजार दोनशे वर्षांचा असेल, आमचं नातं त्याच्या आधीचं. म्हणून मला मोकळं अंगण हवं आहे. त्यासाठी काही दुकानं मागे सरकली तर मला दुःख नाही. पण त्या मोकळ्या जागेत कारंजं आणि सेल्फीची कमान येणार असेल, तर तीही नको. तिथे कुळं, समाज, पालख्या थांबू शकतील का, हे आधी कागदावर लिहून द्या.

वाळकेश्वरचा_जुना

योजना कागदावर चांगलीच असते, म्हणून बाणगंगेचं सांगतो.

समुद्र इतका जवळ असून गोड्या पाण्याचा झरा, शिलाहारांच्या काळापासूनचा तलाव, १७१५ मध्ये राम कामत यांच्या देणगीतून पुन्हा बांधलेला. जून २०२४ मध्ये सुशोभीकरणाच्या कामात गाळ उपसायला यंत्र थेट तलावात उतरवलं आणि पायऱ्यांचे दगड फुटले. पुढे कारवाई वगैरे झाली. यंत्र उतरवायच्या आधी तलावाकाठच्या एकाही पुजाऱ्याला, मठवाल्याला विचारलं असतं, तर त्याने पायरीवर आडवं पडून ते अडवलं असतं.

तरी मी बदलाच्या विरोधात नाही. पितृपक्षात पिंडांचं पीठ पाण्यात जातं आणि नंतर मेलेले मासे तरंगतात, हे आम्हीच वर्षानुवर्षं चालवून घेतलंय. तिथे शिस्त हवीच. ती बाहेरच्या कंत्राटदाराने लावायची की काठावरच्या लोकांनी, हा माझा प्रश्न आहे. पंढरपूरच्या कॉरिडॉरला तिथल्या दुकानदारांनी आणि रहिवाशांनी विरोध केला, त्याचं मूळही हेच.

काळबादेवी_तिसरा_मजला

हारवाल्याच्या मुलाचं गोदामांबद्दलचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. वेसाव्याच्या ताईंचंही. पण "आधी लोकांना विचारा" म्हणता म्हणता दहा वर्षं जातात, आणि मधल्या काळात आग वाट बघत नाही. वाहनतळाचंच उदाहरण घ्या. देवळाजवळच्या बहुमजली वाहनतळाला व्यापाऱ्यांनी, भक्तांनी विरोध केला. इतक्या चिंचोळ्या जागी आणखी गाड्या बोलावणं मलाही पटलं नव्हतं. पण मग गाड्या कुठे जाणार, याचं उत्तर विरोध करणाऱ्यांपैकी कुणी दिलं नाही. नुसता नकार हे उत्तर नव्हे.

ठाकूरद्वारची

वेसाव्याची लेक, तुझं म्हणणं मी मनावर घेतलं. देवळासमोर समाजाला उभं राहायला अंगण हवं, हे माझ्याही मागणीत घालते. पण ती जागा फुलं-नारळवाल्यांना उठवून काढावी, हे अजूनही मान्य नाही. ती गोदामांकडून आणि गाड्यांकडून काढायला हवी.

कायदाही याच बाजूचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००३ मध्ये मुंबईच्या फेरीवाल्यांबाबत निकाल दिला, त्यात प्रार्थनास्थळांपासून शंभर मीटरपर्यंत फेरीवाले नकोत असं म्हटलं. पण त्याच निकालात अपवादही ठेवला: फुलं, चंदन, मेणबत्त्या, उदबत्त्या, नारळ असं देवाला वाहायचं साहित्य विकणाऱ्यांना प्रार्थनास्थळाबाहेर परवानगी देता येईल. म्हणजे हारवाल्याला देवळापासून वेगळं काढता येत नाही, हे न्यायालयालाही दिसलं. शिवाय २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो, की सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला उठवायचं नाही. म्हणून आराखड्यावर भांडण्याआधी आपण वॉर्ड ऑफिसात जाऊन यादी मागू. दारात कोण बसतं, काय विकतं, किती काळापासून.

हारवाल्याचा_मुलगा

यादी कराच. आमची फळी आजोबांच्या काळापासूनची. आजोबा गेले, बाबा आता आजारी असतात, बसते आई. कागदावर मात्र अजून आजोबाच आहेत. अशी घरं आमच्या ओळीत बरीच निघतील. सर्वेक्षणाला माणूस आला की तो कागद बघतो, समोर बसलेली बाई बघत नाही.

काळबादेवी_तिसरा_मजला

कायद्यात वारसाची तरतूद आहे. प्रमाणपत्रधारक वारला किंवा कायमचा आजारी पडला, तर जोडीदाराला किंवा अवलंबून असलेल्या मुलाला विकता येतं. पण त्याआधी प्रमाणपत्र हातात हवं. आईच्या जुन्या दंडाच्या पावत्या, विजेचं बिल, जे असेल ते गोळा करून ठेव.

यादीला माझा विरोध नाही, मीही येतो वॉर्ड ऑफिसात. फक्त त्याच अर्जात दुसरा रकाना घाला: प्रत्येक गल्लीची रुंदी, तळमजल्यावरची आणि वरची गोदामं, आणि बंब कुठपर्यंत आत येऊ शकतो. हे मोजल्याशिवाय कुठल्याही अर्जावर माझी सही मिळणार नाही.