कूरॉस: पिवळ्या वाड्यापलीकडे

कोणीतरी लिहिलंय की स्कॉटलंडमधल्या फाइफ परगण्यातल्या कूरॉस या गावात पिवळा पॅलेस (वाडा) पाहिला की तासाभरात काम झालं. एवढ्यावर गाव सोडू नका.

पॅलेस १५९७ ते १६११ या काळात सर जॉर्ज ब्रूस या व्यापाऱ्याने बांधला. पैसा आला कोळसा आणि मिठातून. त्याची खाण थेट फोर्थच्या खाडीखाली जात होती. भरतीच्या पाण्यात दगडी भिंत घालून खाणीचं दुसरं तोंड उभारलं होतं, तिथून कोळसा सरळ जहाजात चढे. आतलं पाणी उपसायला घोड्यांनी फिरणारी बादल्यांची माळ, आपल्या रहाटासारखी. १६२५ च्या वादळाने खाण बुडाली ती कायमची. माझ्या मते गावाची खरी गोष्ट हीच.

पॅलेसच्या खिडक्या नीट बघा: वर काच, खाली लाकडी झडपा, कारण काच महाग होती. आत पाइनच्या फळ्यांवरची रंगवलेली छतं चुकवू नका. अशा जुन्या दगडी भिंतींना चुन्याचाच गिलावा हवा. सिमेंट लावलं की ओल आत कोंडते, थंडीत गोठून फुगते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात.

मर्कॅट क्रॉसवरून, म्हणजे जुन्या बाजारचौकातल्या खांबापासून, चढ चढून १२१७ च्या सिस्टर्शियन (एका ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या) मठापर्यंत जा. रस्त्यातले गोटे पावसात फार निसरडे होतात, पकड असलेले बूट घाला. पॅलेसचं तिकीट नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेचं आहे. मठाचे अवशेष वेगळ्या, सरकारी संस्थेकडे आहेत, त्यामुळे दोन्हींच्या वेळा स्वतंत्रपणे तपासा.