एटीआर, क्यू४००, ए३२०: बसून तुलना करताना नेमकं काय टिपायचं?

गिरणाकाठ
राम राम मंडळी. जळगावच्या धावपट्टीवरचं ओळखीचं प्रवासी विमान म्हणजे एटीआर ७२. पुढे मुंबईहून ए३२० किंवा ७३७ मिळतं, इतर मार्गांवर क्यू४००. कोणकोणत्या विमानांत बसलो याची वही ठेवणारे इथे बरेच आहेत, आणि बहुतेकांच्या नोंदी सारख्याच: एटीआर हादरतं, क्यू४०० आपटतं, ए३२० शांत. यात विमानाचा वाटा किती, बसायच्या जागेचा किती आणि हवेचा किती? शिवाय मे महिन्यात बॅगा मागे का राहतात, हेही कुणी नीट सांगा.

सहापाती
भाऊ, आधी रांग क्रमांक लिहायची सवय लावा. त्याशिवाय आवाजाची तुलना करण्यात अर्थ नाही. पंखा फिरतो त्या रेषेत किंवा किंचित मागे बसलात तर टर्बोप्रॉप, म्हणजे एटीआर किंवा क्यू४००सारखं बाहेर पंखा फिरणारं विमान, सगळ्यात जास्त घुमतं. खिडकीतून पाती थेट बाजूला दिसली की समजायचं, ही गोंगाटाची जागा. एटीआरमध्ये प्रवाशांचं दार मागे आणि सामानाचा कप्पा पुढे असतो. म्हणून मागच्या रांगा शांतही मिळतात आणि उतरायलाही आधी.

क्यू४००मध्ये आवाज मारायची यंत्रणा असते: केबिनमध्ये मायक्रोफोन, आणि सांगाड्यावर उलट कंपनं देणारी उपकरणं. उड्डाणाला पंखा मिनिटाला १०२० फेरे घेतो, वर गेल्यावर ८५०. एटीआरमध्ये हेच १२०० आणि ९८४. त्यामुळे चढतानाची नोंद आणि सरळ उडतानाची नोंद वेगळी ठेवा.

पावसाळ्यात १८ हजार फुटांच्या वर ढगात असताना कडेला 'टक टक' आवाज आला तर घाबरू नका. पात्यांवर जमलेला बर्फ सुटून विमानाच्या अंगावर आदळतो. त्यासाठीच त्या पट्ट्यातला पत्रा मजबूत केलेला असतो.

तापीखोरं
हादऱ्यांबद्दल. पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर किती वजन येतं ते बघा. पूर्ण भारात एटीआर ७२: २३,००० किलो भागिले ६१, म्हणजे साधारण ३७५. क्यू४०० साडेचारशेच्या वर, ए३२० सहाशेच्या वर. आकडा जितका कमी तितका वाऱ्याचा झोत जास्त जाणवतो. पण क्यू४०० जास्त वेगाने जातं (ताशी ६६०, एटीआर ५१०), आणि वेग वाढला की झोताचा धक्काही वाढतो. त्यामुळे जड असल्याचा क्यू४००चा फायदा बराचसा तिथेच संपतो. ए३२० शांत वाटतं त्याचं मोठं कारण म्हणजे ते ३५ हजार फुटांवर विरळ हवेत उडतं. एटीआरची कमाल उंचीच २५ हजार, आणि जळगाव-मुंबईसारख्या छोट्या टप्प्यात ते तिथपर्यंत जातही नाही.

आपल्याकडे त्यात सातपुडा एका बाजूला, अजिंठ्याचे डोंगर दुसऱ्या बाजूला, आणि मधली काळी जमीन उन्हाळ्यात दुपारी तव्यासारखी तापलेली. मेमध्ये दुपारी दोनला एटीआर आणि सकाळी सहाला ए३२०, अशी तुलना करून एटीआरला नावं ठेवणं मला अजिबात पटत नाही. वेळ आणि महिना लिहाच.

क्यू४०० आपटतं, त्याचं कारण बहुधा वैमानिक नसतो. तिचं अंग ३२.८ मीटर लांब. उतरताना नाक जास्त वर घेतलं तर शेपटी जमिनीला घासेल, म्हणून ती जरा सपाटच टेकवतात. चाकं इंजिनाखालून निघतात, त्यामुळे त्यांच्यातलं अंतर मोठं. एटीआरची चाकं पोटातून निघतात, अंतर चारेक मीटरच. आडवा वारा असला की टेकल्यावर डोलतं ते त्यामुळे. दुरून दोघांत फरक ओळखायचा तरी चाकंच बघा.

गिरणाकाठ
दादा, हे उत्तम. वेगातल्या फरकाने वेळ किती वाचतो? आणि मे महिन्याचं?

घनता_उंची
जळगाव-मुंबई सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. त्यातला सपाट उड्डाणाचा भाग २०० किलोमीटर धरा: एटीआरला साडेतेवीस मिनिटं, क्यू४००ला अठरा. एवढंच. मुंबईवर एक घिरटी घालावी लागली की फरक गेला.

आता मे. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ८४० फुटांवर. त्या उंचीला प्रमाण तापमान १३ अंश, आपल्याकडे ४५. जादा प्रत्येक अंशाला १२० फूट मिळवा: ३२ गुणिले १२० म्हणजे ३,८४०, अधिक ८४०. विमानाच्या दृष्टीने धावपट्टी ४,६८० फुटांवर गेली, म्हणजे महाबळेश्वरच्याही वर. हवा विरळ, पंखाला उचल कमी, इंजिनाला जोर कमी.

धावपट्टी साधारण १७०० मीटर, आणि समुद्रसपाटीला थंड हवेत पूर्ण भाराच्या एटीआरला १३०० पुरतात. उन्हात ही शिल्लक झपाट्याने आटते. त्याहून अडचणीची अट म्हणजे एक इंजिन बंद पडलं तरी ठरलेला चढ साधलाच पाहिजे. तो साधत नसेल तर वजन उतरवायचं. ५०० किलो कमी करायचे म्हटलं तर १५ किलोच्या हिशेबाने ३३ बॅगा होतात. सकाळचं उड्डाण असेल तर तेच घ्या, आणि औषधं, चार्जर, कागदपत्रं हातातल्या पिशवीत ठेवा. पिशवी मऊ असू द्या, एटीआरच्या वरच्या कप्प्यात जाड ट्रॉली बसत नाही.

केबिन तापण्याचं कारणही इथेच सांगतो. एटीआरला जमिनीवर वीज-हवा देणारं शेपटीतलं छोटं इंजिन नसतं. उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून थांबवतात आणि इंजिन चालू ठेवून हवा घेतात. शेपटीकडून जोराचा वारा असेल तर तसं करता येत नाही, मग दार बंद होईपर्यंत घामाच्या धारा.

सहापाती
जेटसाठी दोन नोंदी. केबिनची रुंदी ए३२०मध्ये ३.७० मीटर, ७३७मध्ये ३.५४, मधल्या सीटवर हा फरक खांद्याला कळतो. आणि ए३२०मध्ये जमिनीवर पायाखालून करवतीसारखा 'घर्र-घर्र' आवाज आला तर तो हायड्रॉलिकच्या, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, दोन प्रणालींतला दाब सारखा करणारा पंप. बिघाड म्हणून नोंदवू नका.

२०१७ च्या डिसेंबरात जळगावला आलेलं १९ आसनी बीचक्राफ्ट १९००डी कुणाच्या वहीत असेल तर वेगळं पान द्या. त्यात एकेक आसनाच्या दोन रांगा, म्हणजे सगळ्यांनाच खिडकी आणि सगळ्यांनाच मधली वाट. एटीआरच्या तक्त्यात ते बसवू नका.